जुनं रीळ ‘धुवायचं’ म्हणजे नेमकं काय? आणि ते घरी का धुवायचं नाही?

विरार पूर्वेला मनवेलपाड्यासारख्या वस्तीत जुनं घर रिकामं करायची वेळ आली की माळा बहुधा सगळ्यात शेवटी उतरवला जातो. पितळेची पातेली, मोडका पंखा, जुन्या वह्या आणि एखाद्या घरी गंजलेला पत्र्याचा डबा. डब्यात करंगळीपेक्षाही अरुंद फिल्मचं एक रीळ. ते चित्रित झालं असेल गिरगावात किंवा परळच्या चाळीत. गेल्या काही दशकांत तिकडची कितीतरी कुटुंबं वसई-विरारला राहायला आली आणि सामानासोबत असे डबेही आले.

डबा उघडला की घरात दोन सूचना हमखास येतात. एक म्हणजे, “बुरशी लागलीय, जरा धुऊन घेऊ.” आणि दुसरी, “कोणाकडे प्रोजेक्टर मिळतो का बघ, लावून बघू.”

या दोन्ही गोष्टींनी रिळाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. पहिल्या सूचनेतला घोटाळा तर आपल्या भाषेतच आहे. मराठीत आपण कॅमेऱ्याचा रोल ‘धुवायला’ टाकायचो. त्या धुण्याने चित्र उमटायचं. मळलेल्या जुन्या रिळाची सफाई करायची, तरी आपण त्याला धुणंच म्हणतो. शब्द एक असला, तरी कामं दोन आहेत. पहिलं धुणं चित्र घडवतं. दुसरं चुकीच्या पद्धतीने केलं, तर तेच चित्र पुसून टाकतं.

आधी ओळखा, रीळ कोणतं आहे?

सिनेमागृहात चालायची ती फिल्म ३५ मिमी रुंद. घरगुती आणि छोट्या कामांसाठी अरुंद फिल्म निघाल्या. कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिमी आणली, १९३२ मध्ये ८ मिमी आणि १९६५ मध्ये सुपर ८.

साधी ८ मिमी आणि सुपर ८ यांची रुंदी सारखीच असते. फरक कडेच्या भोकांवरून कळतो. साध्या ८ मिमीत भोकं मोठी असतात आणि दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर येतात. सुपर ८ मध्ये ती बारीक असतात आणि चौकटीच्या बरोबर मध्यावर येतात. भोकं लहान केल्यामुळे वाचलेली जागा चित्राला मिळाली, म्हणून सुपर ८ चं चित्र मोठं आहे.

सुपर ८ च्या एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट म्हणजे साधारण १५ मीटर फिल्म असते. सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने ती ३ मिनिटं २० सेकंद चालते. एवढ्यात अख्खं लग्न किंवा सहल बसवायची, म्हणून कॅमेरा धरणारा माणूस प्रत्येक दृश्य काही सेकंदच घ्यायचा.

एक दिलासा आहे. जुन्या ३५ मिमी फिल्म नायट्रेटच्या असत आणि नायट्रेट झपाट्याने पेट घेतं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या. १६ मिमी आणि ८ मिमी मात्र घरात वापरायच्या म्हणून सुरुवातीपासून ‘सेफ्टी’ म्हणजे अॅसिटेटच्या फिल्मवर निघाल्या. त्या अशा भडकत नाहीत. त्यांचा शत्रू वेगळा आहे. त्याच्याकडे पुढे येऊ.

निगेटिव्ह कुठे आहे?

फोटोच्या बाबतीत आपल्याला सवय आहे. प्रिंट खराब झाली तर निगेटिव्हवरून दुसरी काढता येते. घरगुती सिनेमाच्या रिळाला बहुतेक वेळा निगेटिव्हच नसते.

या फिल्म ‘रिव्हर्सल’ प्रकारच्या असत. कॅमेऱ्यात जी फिल्म फिरली, तीच लॅबमधून सरळ चित्र घेऊन परत येते आणि तीच प्रोजेक्टरवर चढते. वेगळी प्रिंट काढायचा खर्च वाचतो. पण याचा अर्थ असा, की तुमच्या हातातलं रीळ हे मूळ आहे आणि जगातली एकमेव प्रतही तेच आहे.

याचं गाजलेलं उदाहरण मुंबईच्या आनंद पटवर्धन यांचं आहे. जयप्रकाश नारायण यांच्या बिहार आंदोलनात ४ नोव्हेंबर १९७४ रोजी पाटण्यात मोठा मोर्चा निघाला. पटवर्धनांनी तो सुपर ८ वर टिपला. पुढे ‘क्रांती की तरंगें’ हा माहितीपट करताना ती सुपर ८ पडद्यावर दाखवून १६ मिमी कॅमेऱ्याने पुन्हा चित्रित करावी लागली. असं केलं की दर्जा घसरतो. पण त्यातून प्रती काढता येतील अशी फिल्म हाती येते. आणीबाणीत याच माहितीपटाची प्रत तुकड्यातुकड्यांनी देशाबाहेर पाठवण्यात आली. एकच प्रत असती तर एवढी जोखीम घेणं अवघड होतं.

घरातल्या रिळावर असं काही झालेलं नसतं. आजोबांनी ते तीनदा दाखवलं आणि डब्यात ठेवलं, एवढाच त्याचा इतिहास.

पहिलं धुणं: लॅबमध्ये काय व्हायचं?

फिल्म म्हणजे प्लास्टिकची पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर. या थराला इमल्शन म्हणतात. त्यात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. प्रकाश पडला की कणांत बदल होतो, पण डोळ्यांना काही दिसत नाही. ते दिसायला लागण्यासाठी फिल्म धुवावी लागते.

कृष्णधवल रिव्हर्सल फिल्मचे टप्पे असे असतात:

• पहिला डेव्हलपर: प्रकाश पडलेल्या कणांची काळी चांदी होते. या क्षणी चित्र उलटं, म्हणजे निगेटिव्ह असतं.
• ब्लीच: आम्लयुक्त डायक्रोमेटच्या द्रावणात ही काळी चांदी विरघळून निघून जाते. निगेटिव्ह नष्ट होते.
• क्लिअरिंग: ब्लीचचा पिवळसर डाग सल्फाइटने काढला जातो.
• पुन्हा प्रकाश: ज्या कणांवर आधी प्रकाश पडला नव्हता ते शिल्लक असतात. आता मुद्दाम त्यांच्यावर प्रकाश टाकतात.
• दुसरा डेव्हलपर: हे उरलेले कण काळे होतात आणि सरळ चित्र तयार होतं.
• फिक्सर, पाण्याने धुणं आणि वाळवणं.

म्हणजे निगेटिव्ह तयार होते, पण वाटेतच नाहीशी होते. घरात ती शोधून सापडत नाही, त्याचं कारण हेच.

मोठ्या लॅबमध्ये फिल्म रुळांवरून एका टाकीतून दुसऱ्या टाकीत सलग सरकते. कोणत्या द्रावणात किती वेळ राहायचं ते टाकीतली फिल्मची लांबी आणि सरकण्याचा वेग यावर ठरतं. रंगीत फिल्मच्या ई-६ प्रक्रियेत पहिल्या डेव्हलपरचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास काटेकोर राखावं लागतं. अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी रंग बदलू शकतात.

आपल्याकडे हे काम सुरुवातीला परदेशात पाठवावं लागे. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली, तेव्हा फिल्म धुण्यासाठी लंडनला गेली होती. दादासाहेब फाळक्यांनी १९१२-१३ मध्ये हे काम दादरच्या घरात आणलं. कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं सरस्वतीबाई फाळके करत. भारतीय सिनेमाची ही सुरुवातीची लॅब राहत्या घरातच चालत होती.

न धुतलेलं रीळ सापडलं तर?

कधी कधी डब्यात चित्रित केलेलं, पण लॅबमध्ये गेलेलंच नाही असं रीळ निघतं. सुपर ८ च्या कार्ट्रिजच्या खिडकीत फिल्मवर ‘एक्स्पोज्ड’ असा इंग्रजी शब्द दिसला, तर ते पूर्ण चित्रित झालेलं आहे. अशी फिल्म उजेडात ओढून पाहू नका. ओढलेला सगळा भाग वाया जातो.

खोक्यावर ‘कोडाक्रोम’ लिहिलं असेल तर गोष्ट आणखी नाजूक आहे. या फिल्ममध्ये रंग घडवणारी रसायनं नसायचीच. लॅबमध्ये तीन वेगवेगळ्या रंगांच्या डेव्हलपरमधून ती फिरवताना एकेक रंग घातला जायचा. त्यासाठी मोठी यंत्रं आणि प्रशिक्षित रसायनतज्ज्ञ लागत. कोडॅकने २००९ मध्ये या फिल्मचं उत्पादन थांबवलं. शेवटच्या कोडाक्रोम फिल्ममधला फोटोंचा एक रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांना मिळाला, त्यातले काही फोटो त्यांनी मुंबईत काढले. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची शेवटची लॅब ३० डिसेंबर २०१० पर्यंत अशा फिल्म स्वीकारत होती.

आज न धुतलेल्या कोडाक्रोममधून रंग मिळत नाहीत. अनुभवी माणूस ती कृष्णधवल निगेटिव्ह म्हणून धुऊ शकतो. चित्र धूसर आणि दाणेदार येतं, पण येऊ शकतं. उलट, जी कोडाक्रोम रिळं वेळच्या वेळी धुतली गेली, त्यांचे रंग अंधारात फार छान टिकतात. त्या काळातल्या इतर अनेक रंगीत फिल्म मात्र आज लालसर पडलेल्या दिसतात.

आंबूस वास कसला?

आता त्या वेगळ्या शत्रूकडे. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर फिल्मची पट्टीच कुजायला लागली आहे असं समजा.

अॅसिटेट दमट आणि उष्ण हवेत हळूहळू फुटतं आणि त्यातून अॅसिटिक आम्ल निघतं. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे आम्ल. अडचण अशी, की बाहेर पडलेलं आम्ल पुढची फूट आणखी वेगाने घडवतं. एकदा पल्ला गाठला की प्रक्रिया मागे फिरवता येत नाही, फक्त मंद करता येते. पट्टी आकसते, ठिसूळ होते, वाकते आणि शेवटी चित्राचा थर तिच्यापासून सुटतो.

याच्याशी आपला जुना संबंध आहे. सुधारित ट्रायअॅसिटेट फिल्म १९४८ मध्ये बाजारात आली. ती कुजत असल्याची पहिली तक्रार दहा वर्षांच्या आतच कोडॅककडे पोहोचली आणि ती भारत सरकारकडून आली होती. फिल्म आपल्या उष्ण, दमट हवेत साठवलेल्या होत्या.

अमेरिकेतल्या इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत नव्या अॅसिटेट फिल्मला कुजायची सुरुवात होईपर्यंत ४० ते ५० वर्षं मिळतात. विरारच्या माळ्यावर उन्हाळ्यात तापमान ३५ च्या पुढे जातं आणि पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर असते. शिवाय डबा बंद असेल तर आम्ल आतच कोंडून राहतं. १९७० च्या दशकातल्या रिळाची मुदत इथे केव्हाच उलटलेली असू शकते.

म्हणूनच प्रोजेक्टरची घाई नको. प्रोजेक्टरचे दात ठरावीक अंतरावरच्या भोकांसाठी बनवलेले असतात. फिल्म एक टक्का आकसली, तर १६ मिमीच्या १०० चौकटींत जवळपास ७.६ मिलिमीटरचा, म्हणजे एका अख्ख्या चौकटीचा फरक पडतो. मग दात भोकात न बसता फिल्म फाडत जातात. वर दिव्याची उष्णता असतेच.

दुसरं धुणं: सफाई कशी करतात?

पाणी का नको, याचं उत्तर जिलेटिनमध्ये आहे. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनतं. बुरशीला ते आवडतं खाद्य. हवेत ६५-७० टक्क्यांपेक्षा जास्त ओल राहिली की बुरशी वाढू लागते. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. ओल्या फडक्याने पुसलं की बुरशीबरोबर चित्रही फडक्यावर येतं. आजीचा चेहरा होता तिथे पारदर्शक पट्टी उरते.

घरात सहज हाताला लागणाऱ्या इतर गोष्टींचंही तसंच आहे. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये अॅसिटोन असेल तर फिल्मची पट्टीच विरघळते. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरिन असतं. रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो. साबण आणि डिटर्जंटचा तर प्रश्नच नाही.

लॅबमध्ये सफाई पायरीपायरीने होते. आधी कोरडी. रीळ दोन चाकांमध्ये हाताने सावकाश गुंडाळत, मऊ आणि धागे न सोडणाऱ्या कापडाच्या घडीतून फिल्म सरकवतात. दाब अगदी हलका असतो. कापड वारंवार बदलतात, कारण कापडात अडकलेला धुळीचा एक कणही पुढच्या कित्येक फुटांवर सलग ओरखडा काढू शकतो. याच वेळी जुने जोड तपासतात, फाटलेली भोकं दुरुस्त करतात आणि फिल्म किती आकसली ते मोजतात.

त्यानंतर गरज असेल तर द्रव. त्यात पाणी नसलेला आणि लगेच उडून जाणारा द्रव लागतो. काही ठिकाणी ९९ टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. मोठ्या लॅबच्या यंत्रांत पर्क्लोरोएथिलीन असतं. ड्रायक्लीनिंगवाले गरम कोट धुतात ते हेच. पूर्वी ट्रायक्लोरोएथेन सर्रास वापरलं जाई, पण ते ओझोनच्या थराला घातक असल्याने मॉन्ट्रियल करारानंतर बाद झालं. हे द्रव श्वासावाटे शरीरात जाणं धोक्याचं असतं, म्हणून ते बंद यंत्रात आणि हवा खेळती ठेवून वापरतात. सुपर ८ च्या कडेला आवाजाची तपकिरी चुंबकीय पट्टी असेल, तर आधी टोकावर तपासणी करतात. काही द्रवांनी ही पट्टी सुटून येते.

मोठी लॅब कधी कधी पाणीसुद्धा वापरते. जिलेटिन फुगलं की त्यातले बारीक ओरखडे बुजतात. पण त्याआधी थर शाबूत आहे याची खात्री केलेली असते, पाण्याचं तापमान आणि शुद्धता राखलेली असते आणि वाळवायची बंदिस्त सोय असते. क्षार असलेल्या बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने बादलीत हे होत नाही. वाळताना प्रत्येक थेंबाचा डाग मात्र पक्का बसतो.

स्कॅनिंग: रीळ न ओढता प्रत काढायची

सफाई म्हणजे तयारी. खरं काम दुसरी प्रत काढण्याचं. चांगल्या स्कॅनरमध्ये दात नसतात. फिल्म मऊ रुळांवरून जाते, थंड एलईडी उजेडात प्रत्येक चौकटीचा वेगळा फोटो निघतो. त्यामुळे आकसलेली रिळंही बऱ्याचदा वाचवता येतात.

ओरखड्यांसाठी ‘वेट गेट’ ही युक्ती आहे. घासलेल्या काचेवर पाणी पडलं की ती पारदर्शक दिसते, हे आपण पाहिलेलं असतं. तसंच इथे. फिल्मच्या प्लास्टिकइतपतच प्रकाश वाकवणारा द्रव ओरखड्यांत भरतो आणि ते चित्रात दिसेनासे होतात. ही युक्ती फक्त प्लास्टिकच्या बाजूला चालते. इमल्शनच खरवडलं गेलं असेल तर तिथलं चित्र गेलं.

याउलट, फिल्म प्रोजेक्टरवर चालवून भिंतीवरचं दृश्य मोबाइलने टिपणं स्वस्त पडतं. पण सेकंदाला १८ चौकटींचा प्रोजेक्टर आणि ३० चौकटींचा मोबाइल यांचा मेळ बसत नाही आणि चित्र लुकलुकतं. शिवाय धोका सगळा रिळालाच.

मग घरी काय करायचं?

• डबा पावसाळ्यात उघडू नका. डिसेंबर-जानेवारीचे कोरडे दिवस निवडा. बुरशी दिसली तर मास्क लावा.
• वास येणारी रिळं इतरांपासून वेगळी ठेवा. गंजलेल्या डब्यातून काढून कोऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी ठेवा.
• माळा आणि बाथरूमला लागून असलेली भिंत टाळा. घरातली सर्वांत थंड, कोरडी जागा निवडा.
• फ्रिजमध्ये ठेवायची असतील तर कोरड्या दिवशी दोन झिपबॅगांत हवाबंद करा. बाहेर काढल्यावर किमान एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं.
• जुनं खोकं फेकू नका. त्यावरचा पत्ता, पोस्टाचा शिक्का आणि हस्ताक्षर यांवरून साल आणि प्रसंग कळतो. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्या फिल्म बनल्याचं साल सांगतात.
• घरातल्या वडीलधाऱ्यांना आताच विचारा, रिळात कोण कोण असेल. चित्र वाचलं आणि नावं हरवली, तर अर्धंच वाचलं.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ पासून आहे आणि आता ते एनएफडीसीचा भाग आहे. मुंबईत २०१४ मध्ये शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी फिल्म हेरिटेज फाउंडेशन सुरू केलं. २०१५ पासून ही संस्था फिल्म जतनाचं प्रशिक्षणही देते. दोन्ही संस्था जतनाचं काम करतात, तिथे दुकानासारखं काउंटर नसतं. पण रिळात गावाचा, चळवळीचा, गिरणीचा किंवा एखाद्या कलावंताचा भाग असेल, तर त्यांच्याशी बोलणं फायद्याचं.

खासगी ठिकाणी रीळ देणार असाल तर चार प्रश्न विचारा. स्कॅनर दातांचा आहे का बिनदातांचा? सफाई कशाने करणार? आकसण्याचं माप आधी घेणार का? आणि मूळ रीळ परत मिळणार का? “पाण्याने स्वच्छ धुऊन देतो” असं बुरशी न तपासताच कोणी म्हणालं, तर रीळ पिशवीत टाकून घरी परत आणा.

स्कॅन मिळाल्यावर फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. रीळही जपून ठेवा. हार्ड डिस्क काही वर्षांत बंद पडते. ते रीळ पन्नास वर्षं माळ्यावर काढूनही अजून तुमच्या हातात आहे, आणि पुढच्या स्कॅनरला त्यातून आजच्यापेक्षा जास्त काढता येईल.